अमोनिया प्लांटचा ऑपरेटर कसा घडवायचा: मासळी प्रक्रिया कारखान्यासाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राचा क्रम

मासळी प्रक्रिया कारखान्यांत रेफ्रिजरेशन ऑपरेटर तयार करण्याचा क्रम बऱ्याचदा उलटा असतो. आधी दोन-तीन दिवसांचा वर्ग, मग बहुपर्यायी पेपर, मग प्रमाणपत्र, आणि सगळ्यात शेवटी मशीन रूम. तिथे जुना ऑपरेटर "हे असं करायचं" म्हणून जे दाखवतो, तेच खरं प्रशिक्षण ठरतं. त्याची कुठे नोंद नसते, ते कोणी तपासतही नाही. जुन्याच्या हाताला चुकीची सवय असेल तर तीही सहीशिक्क्यानिशी पुढच्या माणसाकडे जाते.

प्रमाणपत्राचा माझ्या लेखी अर्थ एवढाच: या प्लांटवरची अमुक कामं हा माणूस रात्रपाळीत, विचारायला कोणी नसताना, नीट करील. खालचे टप्पे त्या हिशेबाने लावले आहेत. गृहीत धरलेला कारखाना असा: अमोनियाचा प्लांट, ब्लास्ट (थंड वाऱ्याने गोठवणारा) आणि प्लेट (थंड पाट्यांत दाबून गोठवणारा) फ्रीझर, शीतगृह, बर्फाचं मशीन. टप्पे मागेपुढे करू नका, विशेषतः चौथा.

## १. आधी प्लांट कागदावर आणा

शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी नकाशा हातात हवा, आणि तो आजच्या प्लांटचा हवा. प्लांट उभारताना मिळालेला नकाशा कपाटात असतो. त्यानंतर एक ब्लास्ट वाढलेला असतो, एक रिसीव्हर (द्रव अमोनिया साठवणारी टाकी) बदललेला असतो, दोन लाइन बंद करून टाकलेल्या असतात आणि नकाशाला यातलं काहीच माहीत नसतं.

नकाशा घेऊन प्रत्येक लाइन पायी फिरा. छतावरच्या लाइनसुद्धा. प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांकाचा बिल्ला लावा आणि तोच क्रमांक नकाशावर घाला. मासळीच्या कारखान्यात खारी हवा आणि रोजची धुलाई यांमुळे रंगवलेले आकडे फार टिकत नाहीत, म्हणून बिल्ले स्टेनलेस स्टीलचे, कोरलेले घ्या. फिरताना इन्सुलेशन कुठे फाटलंय तेही लिहून ठेवा. फाटलेल्या जागी ओल शिरते आणि पाइप आतून गंजत जातो; बाहेरून मात्र सगळं ठीक दिसतं.

तपासणी: दोन अनुभवी ऑपरेटरना वेगवेगळं बसवून रिसीव्हरपासून एका ब्लास्टच्या कॉइलपर्यंतची (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीपर्यंतची) लाइन कोऱ्या कागदावर काढायला सांगा. दोघांची चित्रं जुळली नाहीत तर प्रशिक्षण थांबवा आणि आधी खरं काय ते शोधा.

## २. कामांची यादी करा, विषयांची नको

"कॉम्प्रेसर", "कंडेन्सर", "सुरक्षितता" हे विषय झाले. त्यांवर व्याख्यान देता येतं, प्रमाणपत्र देता येत नाही. यादी क्रियापदांत लिहा: कॉम्प्रेसर सुरू करणे, बंद करणे, रिसीव्हरची लेव्हल वाचणे, ऑइल पॉटमधून (कॉम्प्रेसरचं वाहून आलेलं तेल जमतं त्या भांड्यातून) तेल काढणे, डीफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणं) हाताने चालवणे, सिस्टिममधली हवा काढणे, वीज गेल्यावर प्लांट परत उभा करणे, डिटेक्टरचा अलार्म आल्यावर पहिली पाच मिनिटं सांभाळणे. मध्यम आकाराच्या कारखान्यातही यादी सहज चाळीस-पन्नास ओळींची होते.

मग तिचे तीन गट पाडा. पहिल्या गटात फक्त बघण्या-लिहिण्याची कामं. दुसऱ्यात व्हॉल्व्ह आणि बटणांना हात लावायची, पण सिस्टिम न उघडता करायची कामं. तिसऱ्यात सिस्टिम उघडावी लागणारी, म्हणजे अमोनिया बाहेर येण्याची शक्यता असलेली कामं. तेल काढणं हे दिसायला किरकोळ काम तिसऱ्या गटातच येतं. अनेक कारखाने ते पहिल्या आठवड्यात नवीन मुलाकडून करून घेतात, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

प्रत्येक कामाची लेखी पद्धत असायला हवी: व्हॉल्व्हच्या क्रमांकांसह, कामगारांना वाचता येणाऱ्या भाषेत, एका पानावर. मशीनच्या पुस्तकातून उतरवलेली बारा पानं मशीन रूममध्ये कोणी उघडत नाही.

## ३. माणूस आणि शिकवणारा निवडा

शिकाऊ माणसाला वाचता-लिहिता यावं आणि आकडा दिसला की तो का बदलला असा प्रश्न पडावा, एवढं पुरे. वैद्यकीय तपासणीत फुप्फुसं आणि रंगांची ओळख पाहून घ्या. चेहऱ्यावर मास्क घट्ट बसतो का याची चाचणी प्रत्येकाची स्वतंत्र करा. दाढी असेल तर पूर्ण चेहऱ्याचा मास्क हवाबंद बसत नाही. हे नोकरी देतानाच सांगा, गळतीच्या दिवशी नको.

शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच नसावा. आपण शिकवलेल्याला नापास करणं माणसाला जड जातं. मलाही गेलेलं आहे.

## ४. व्हॉल्व्हला हात लावण्याआधी: अमोनिया आणि पळण्याची वाट

हा टप्पा पूर्ण होईपर्यंत शिकाऊ माणूस मशीन रूममध्ये एकटा जाणार नाही. लॉगशीट भरायलासुद्धा नाही.

त्याला जे आलंच पाहिजे ते थोडं आहे, पण पक्कं हवं. अमोनियाचा वास फार थोड्या प्रमाणात कळतो, साधारण ५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत पाच भाग) आसपास. ३०० पीपीएम ही जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे. तिथे कार्ट्रिजचा मास्क चालत नाही, हवेच्या सिलिंडरचा संच लागतो. हवेत साधारण १५ ते २८ टक्के अमोनिया झाला तर तो पेटू शकतो. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी, हे सगळे पाठ म्हणतात. पण द्रव अमोनिया फवाऱ्यासारखा बाहेर पडला की थंडगार पांढरा ढग जमिनीलगत सरकतो. "वर जातो, मग खाली वाकून पळू" असं ठरवणारा नेमका त्या ढगात सापडतो. पळायचं ते वाऱ्याला आडवं आणि मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला. म्हणून आवारात कुठूनही दिसेल असा वातकुक्कुट किंवा कापडी वातदर्शक हवा.

इशारा: साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारू नका. पाण्याच्या उष्णतेने तो जोरात उकळतो आणि ढग वाढतो. पाण्याचा फवारा हवेतल्या वाफेसाठी आहे.

इशारा: द्रवाने भरलेल्या लाइनच्या दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद करून द्रव मध्ये कोंडू नका. तापला की तो फुगतो आणि पाइप किंवा व्हॉल्व्ह फोडतो. आधी द्रव येणारी बाजू बंद, मग लाइन रिकामी होऊ द्या, मग दुसरी बाजू.

डोळ्यांत गेला तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुणं, डोळे धुण्याच्या नळापर्यंत डोळे मिटून पोचणं, आपत्कालीन बटण अंधारात सापडणं, या गोष्टी सांगून येत नाहीत. करून घ्या. डोळ्यांवर पट्टी बांधून मशीन रूमच्या दारापासून नळापर्यंत चालायला लावा. पहिल्यांदा सगळे हसतात, मग अर्धे जण वाटेतल्या ड्रमला धडकतात.

तुमच्याकडे अमोनियाऐवजी फ्रिऑन वायू असेल तर हा टप्पा वेगळा शिकवा: वास जवळजवळ नाही, वायू जड, खड्ड्यात साचून श्वास कोंडतो. कार्बन डायऑक्साइडचा कॅस्केड प्लांट (दोन वायूंची एकमेकांना जोडलेली चक्रं) असेल तर आणखी एक: दाब ५.२ बार ॲब्सोल्यूटच्या (वातावरणाचा दाब धरून मोजलेल्या) खाली गेला की द्रवाचा कोरडा बर्फ होतो आणि लाइन तुंबते. या प्लांटना स्वतंत्र प्रमाणपत्र द्या. अमोनियाचं तिथे लागू धरू नका.

## ५. गेज वाचायला शिकवा, आकडे उतरवायला नव्हे

शिकाऊ माणसाने निदान महिनाभर लॉगशीट भरावी आणि प्रत्येक शिफ्टला एका आकड्याचं कारण तोंडी सांगावं. याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

पाया म्हणजे दाब आणि तापमानाची जोडी. अमोनिया वातावरणाच्या दाबाला −३३.३ अंश सेल्सिअसला उकळतो. −४० ला त्याचा दाब साधारण ०.७२ बार ॲब्सोल्यूट, म्हणजे वातावरणापेक्षा कमी. ब्लास्ट फ्रीझरची सक्शन लाइन (कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या वाफेची) बऱ्याचदा याच पट्ट्यात चालते. तिथे बारीक गळती असेल तर अमोनिया बाहेर येत नाही, बाहेरची दमट हवा आत जाते. वास नाही, अलार्म नाही, सगळं शांत. आणि ती हवा जाऊन कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफेचा पुन्हा द्रव होतो तिथे, साठते.

इथून एक चांगला प्रश्न तयार होतो. कंडेन्सरमधून बाहेर येणारा द्रव ३५ अंशांचा आहे, म्हणजे दाब साधारण १३.५ बार ॲब्सोल्यूट हवा. गेजवरचा आकडा १ मिळवून १५ होतोय. काय झालं असेल? "कंडेन्सर घाण झालाय" म्हणणारा अर्धवट शिकलाय, कारण कंडेन्सर नुसता घाण असता तर दाबाबरोबर द्रवाचं तापमानही चढलं असतं. दोघांची जोडी तुटली की हवेवर संशय घ्यायचा.

गेज आणि ॲब्सोल्यूट दाबातला गोंधळ सगळीकडे सापडतो. कोष्टक ॲब्सोल्यूटमध्ये, गेजवरचा आकडा वातावरणाचा दाब वगळून आणि लॉगशीटवर नुसतं "बार". लॉगशीटच्या डोक्यावरच एकक छापा.

तपासणी: जुन्या लॉगशीटमधली गडबडीच्या दिवसाची प्रत काढा, तारीख झाका आणि कुठल्या ओळीपासून बिघाड सुरू झाला ते विचारा. कॉम्प्रेसरच्या अंगावर चढणारं हिम, एकदम उतरलेलं डिस्चार्जचं (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचं) तापमान, बदललेला आवाज, म्हणजे सक्शनमधून द्रव येतोय. हे त्याला आकड्यांतून दिसायला हवं.

## ६. मासळीची बाजू

हा टप्पा रेफ्रिजरेशनच्या अभ्यासक्रमांत नसतो आणि उत्पादन विभागाला तो आपला वाटत नाही. म्हणून तो राहून जातो.

ऑपरेटरला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. पहिली: मासळीतलं बरंचसं पाणी −१ ते −५ अंशांच्या दरम्यान गोठतं. या पट्ट्यातून माल सावकाश गेला तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, मांस फाटतं आणि वितळल्यावर पाणी सुटतं. वीज वाचवायची म्हणून सक्शनचा दाब थोडा चढवून ठेवणारा ऑपरेटर हेच करत असतो. त्याला फक्त कमी झालेलं बिल दिसतं. दुसरी: ट्यूना, बांगडा अशा मासळीत थंडावा सुटला की हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालेलं हिस्टामिन गोठवून किंवा शिजवून जात नाही. म्हणजे थंड खोलीचा कॉम्प्रेसर दोन तास बंद राहिला ही बातमी गुणवत्ता विभागाला त्याच शिफ्टमध्ये पोचली पाहिजे. ती पोचवणं हे ऑपरेटरचं काम आहे आणि ते कामांच्या यादीत लिहिलेलं असावं.

गोठवलेल्या मासळीचा कोडेक्सचा (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांचा) मापदंड गाभ्यात −१८ अंश किंवा त्याखाली असा आहे. गाभ्यात. हवेचा आकडा −३५ दाखवतोय म्हणून माल झाला, असं मानणारे अनेक भेटतात. शिकाऊ माणसाला एकदा ट्रॉलीच्या मधल्या ट्रेमधल्या माशाच्या गाभ्याचं तापमान स्वतः घ्यायला लावा, मग कडेच्या ट्रेमधलं. फरक पाहिला की ट्रे भिंतीला चिकटवून वाऱ्याची वाट बंद करणाऱ्यांशी तो स्वतःच भांडायला लागतो.

## ७. हाताखाली काम: चार पायऱ्या

प्रत्येक कामासाठी त्याच क्रमाने: (१) अनुभवी माणूस करतो, शिकाऊ बघतो; (२) अनुभवी करतो, शिकाऊ पुढची पायरी आधी बोलून दाखवतो; (३) शिकाऊ करतो, अनुभवी शेजारी उभा; (४) शिकाऊ करतो, अनुभवी दूर उभा राहून गप्प. दुसरी पायरी सगळे गाळतात. ती सगळ्यात उपयोगी आहे, कारण हाताला सवय लागण्याआधी डोक्यात क्रम बसलाय का ते तिथेच कळतं.

किती वेळा, हा प्रश्न येतोच. साध्या कामाला तिसरी पायरी तीनदा पुरेशी असते. सिस्टिम उघडायच्या कामाला मी दहापेक्षा कमी धरत नाही. दोन कामांवर मुद्दाम जास्त वेळ घालवा.

तेल काढणं. तेल द्रव अमोनियापेक्षा जड, म्हणून ते खालच्या पॉटमध्ये जमतं आणि त्याच्या डोक्यावर अमोनिया बसलेला असतो. क्रम असा: पॉटमध्ये येणारा व्हॉल्व्ह बंद करा, सक्शनकडे जाणारी लाइन उघडी ठेवा आणि थांबा. पॉटवरचं हिम वितळून भांडं कोमट लागेपर्यंत आत द्रव अमोनिया आहे असंच धरा. मग सक्शनची लाइन बंद. आतला दाब वातावरणापेक्षा थोडा वर आलाय ना, हे गेजवर पाहा; तो खाली असेल तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाईल. त्यानंतरच ड्रेनचा व्हॉल्व्ह, आणि त्याच्यापुढे सोडला की आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. माणसं दोन, मास्क चेहऱ्यावर, हात सतत मुठीवर.

एका कारखान्यात त्या स्प्रिंगच्या मुठीला तारेने बांधलेलं मी पाहिलं होतं. हात दुखतो म्हणून. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र त्याच भिंतीवर लावलेलं होतं.

इशारा: धार अडली तर तार घालून मोकळी करू नका. कोंडलेलं तेल सुटतं त्याच क्षणी मागचा अमोनिया येतो. सगळं बंद करा, पॉट गरम होऊ द्या, पहिल्यापासून सुरू करा.

तपासणी: महिन्याला कॉम्प्रेसरमध्ये किती तेल घातलं आणि पॉटमधून किती निघालं, हे दोन आकडे शेजारी लिहा. घातलेलं वाढतंय आणि निघत नाही, म्हणजे ते कॉइलमध्ये जाऊन बसलंय.

हॉट गॅस डीफ्रॉस्ट, म्हणजे कॉम्प्रेसरमधून निघणारी गरम वाफ कॉइलमध्ये सोडून बर्फ वितळवणं. रोजचं काम, बहुधा स्वयंचलित, म्हणून शिकवलंच जात नाही. क्रम असा: द्रवाचा पुरवठा बंद करा, पंखे चालू आणि सक्शन उघडी ठेवून कॉइलमधला द्रव संपू द्या, पंखे बंद, सक्शन बंद, हॉट गॅस आधी छोट्या व्हॉल्व्हमधून, मग पूर्ण, बर्फ गळून झाला की हॉट गॅस बंद, आता छोट्या व्हॉल्व्हने कॉइलमधला दाब हळूहळू सक्शनला उतरवा, मगच मोठी सक्शन उघडा आणि द्रव सोडा, पंखे सगळ्यात शेवटी, नाहीतर कॉइलवरचं पाणी मालावर उडतं.

द्रव संपू देणं आणि दाब हळूहळू उतरवणं या दोन पायऱ्या घाईत गाळल्या जातात. २३ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकेत अलाबामातल्या थिओडोर इथल्या शीतगृहात हेच झालं. आदल्या दिवशी वीज गेली होती. परत सुरू करताना अलार्म पुसून कंट्रोल सिस्टिम रीसेट केली गेली आणि ब्लास्ट फ्रीझरची एक कॉइल हॉट गॅस न उतरवता थेट डीफ्रॉस्टमधून कूलिंगवर गेली. धक्क्याने कॉइल आणि छतावरची १२ इंची सक्शन लाइन फाटली. ३२,००० पौंडांहून जास्त, म्हणजे सुमारे साडेचौदा टन अमोनिया बाहेर गेला आणि दीडशेहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली. ही घटना शिकाऊ माणसाला नकाशासमोर उभं करून सांगा आणि आपल्या प्लांटवर असा रीसेट कुठल्या स्क्रीनवरून होऊ शकतो ते त्याच्याकडूनच शोधून घ्या. वीज गेल्यानंतरचं पुनरारंभाचं काम यादीत वेगळं का ठेवायला सांगितलं, ते तेव्हा कळेल.

## ८. परीक्षा

तीन भाग, एकाच दिवशी उरकू नका. लेखी पेपर फक्त गाळणी आहे. दुसऱ्या भागात नकाशाशिवाय प्लांटभर फिरवा: "हा व्हॉल्व्ह आत्ता बंद केला तर पाच मिनिटांत कुठला आकडा हलेल?" असं विचारत जा. तिसऱ्या भागात यादीतली कामं प्रत्यक्ष करून दाखवायची, परीक्षक हातात पान घेऊन प्रत्येक पायरीला खूण करतो. तिसऱ्या गटातल्या कामात सुरक्षेची एक पायरी चुकली तरी ते काम नापास. सरासरीने पास करू नका. ऐंशी टक्के बरोबर काढलेलं तेल अशी गोष्ट नसते.

चुकलेलं काम पुन्हा सातव्या टप्प्यात जातं, अख्खा माणूस नाही.

## ९. प्रमाणपत्रावर काय लिहायचं

नाव, प्लांट, रेफ्रिजरंट (अमोनियासारखा थंड करणारा वायू), परवानगी असलेल्या कामांचे क्रमांक, ज्या नकाशावर परीक्षा झाली त्याची आवृत्ती, परीक्षकाची सही आणि मुदत. "रेफ्रिजरेशन प्लांट चालवण्यास पात्र" एवढंच लिहिलेला कागद कामाचा नाही.

बाहेरची प्रमाणपत्रं घ्यावीत का? जरूर. अमेरिकेतल्या रेटा या रेफ्रिजरेशन ऑपरेटर-तंत्रज्ञांच्या संस्थेची कारो ही सहायक ऑपरेटरसाठीची आणि सिरो ही वरच्या पातळीची परीक्षा आहे. कुशलतेच्या पातळ्या ठरवायला आयएसओ २२७१२ हे मानक हाताशी आहे. यातून सिद्धान्ताची उंची कळते. मात्र तुमच्या छतावरचा कोणता व्हॉल्व्ह कुठल्या कॉइलचा, हे त्यांना कसं ठाऊक असणार? बाहेरचं प्रमाणपत्र लेखी भागाच्या जागी धरा, दुसरा आणि तिसरा भाग माफ करू नका. तुमच्या देशाचा कायदा ऑपरेटरसाठी परवाना मागत असेल तर तो याशिवाय वेगळा लागेल.

## १०. मुदत, बदल आणि खंड

अमेरिकेच्या प्रोसेस सेफ्टी नियमात १०,००० पौंड किंवा त्याहून जास्त अमोनिया असलेल्या प्लांटसाठी निदान दर तीन वर्षांनी उजळणी सक्तीची आहे. ती कमाल मुदत समजा. तिसऱ्या गटातल्या कामांची प्रत्यक्ष चाचणी मी वर्षाला घेतो; हंगाम बंद असतो तेव्हा प्लांटही मोकळा असतो आणि माणसंही.

मुदतीपेक्षा जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे बदल. नवी कॉइल बसली, कंट्रोलचा प्रोग्रॅम बदलला, एक व्हॉल्व्ह हलवला, की त्या कामापुरतं सगळ्यांचं प्रमाणपत्र त्या दिवशी थांबतं. बदल करणाऱ्या ठेकेदाराचं शेवटचं बिल निघण्याआधी नकाशा सुधारला गेला पाहिजे, पद्धतीचं पान बदललं पाहिजे आणि ऑपरेटरांनी ते काम परीक्षकासमोर एकदा केलं पाहिजे. बिल अडकवलं की कागद वेळेवर येतात, हा अनुभव आहे.

मोठ्या रजेवरून किंवा मासेमारी बंदीच्या काळानंतर परतलेल्या माणसाला थेट रात्रपाळी देऊ नका. एक दिवस नकाशा घेऊन फिरू द्या, दोन शिफ्ट दुसऱ्याबरोबर करू द्या, आणि तो नसताना काय काय बदललं याची नोंदवही त्याच्याकडून सही करून घ्या. नोंदवहीत त्या काळातली एकही ओळ नसेल, तर बदल झाला नाही असं समजू नका. कोणीतरी लिहायचं विसरलंय, ते कोण ते आधी शोधा.